आवाज नाही म्हणजे अँप्लिफायर थंड आहे का?

काही वर्षांपूर्वी विज्ञानप्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही दोघे सहकारी धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात एका शाळेत गेलो होतो. (नवी मुंबईतली वाशी ती वेगळी.) शाळेकडे व्हॉल्व्हचा एक जुना अँप्लिफायर होता. विज्ञानाच्या सरांनी तो हौसेने दुरुस्त करून घेतला होता आणि 15 ऑगस्ट, 26 जानेवारीला त्याच्यावरच कर्णे वाजत. समारोपाचे भाषण चालू असताना वीज गेली. थोडा वेळ वाट पाहून उरलेला कार्यक्रम तोंडीच उरकला. धूळ बसू नये म्हणून अँप्लिफायरवर टेबलावरचे कापड पांघरले आणि खोलीला कुलूप लावून सगळे घरी गेले. बटण तसेच चालू राहिले. वीज गेलेली असताना ते चालू आहे की बंद, हे कळायला आवाज नव्हता आणि दिवाही नव्हता.

मध्यरात्रीनंतर केव्हातरी वीज आली. पहाटे शिपाईमामांना खोलीतून जळका वास आला. कापड काळे पडून त्याला भोक पडले होते आणि हातभर अंतरावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे तेरखेडा याच तालुक्यात आहे, त्यामुळे आगीचे भय तिथल्या माणसांना नव्याने सांगावे लागत नाही. तरीही सरांचा प्रश्न रास्त होता. ते म्हणाले, "रात्रभर त्यातून एक शब्द वाजला नाही. मग तो तापला कशाने?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला व्हॉल्व्हचे सगळे काम समजून घेता येते.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यात मधोमध ऋणाग्र असते. आतल्या तापक तंतूमुळे ते सुमारे 700 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. बाहेरच्या धनाग्राला शेकडो व्होल्टचा धन दाब दिलेला असतो. ते इलेक्ट्रॉनांना ओढून घेते. दोघांच्या मध्ये तारेची जाळी असते. तिच्यावर थोडा ऋण दाब ठेवला, की इलेक्ट्रॉनांची वाट आवळली जाते. माइककडून आलेला संकेत हा दाब कमीजास्त करतो आणि जाळी नळाच्या चावीसारखे काम करते.

आता लक्षात घ्या, संकेत नसला तरी चावी पूर्ण बंद नसते. ती थोडी उघडीच ठेवावी लागते, नाहीतर आवाज फाटतो. ईएल-34 हा सर्वांच्या परिचयाचा व्हॉल्व्ह घेऊ. त्याच्या तापकाला 6.3 व्होल्टवर 1.5 अँपियर लागतात, म्हणजे सुमारे साडेनऊ वॅट. धनाग्रावर 400 व्होल्ट असतील आणि शांत अवस्थेत 30 मिलिअँपियर वाहत असतील, तर तिथे आणखी 12 वॅट उष्णता निर्माण होते. असे दोन व्हॉल्व्ह म्हणजे 43 वॅट, तेही एक अक्षर न वाजता! डाख देण्याची साधी इस्त्री 25 वॅटची असते, यावरून कल्पना यावी.

ही उष्णता जाते कुठे? आत हवा नसल्यामुळे धनाग्राची उष्णता मुख्यतः प्रारणाने काचेपर्यंत येते आणि काचेभोवतालची हवा ती वर घेऊन जाते. कापड पांघरले, की ही वाट बंद होते.

दुसरे कारण रात्रीचे. पंप आणि गिरण्या बंद झाल्या, की तारांमधली दाबाची घट कमी होते आणि गावाच्या टोकाच्या घरांत दाब चढतो. 230 ऐवजी 260 व्होल्ट आले, तर दाब 13 टक्क्यांनी वाढतो. रोध तोच धरला तर उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे 28 टक्क्यांनी वाढते.

तिसरे कारण सर्वांत फसवे आहे. आधीच्या व्हॉल्व्हचा उच्च दाब जाळीपर्यंत पोचू नये म्हणून मध्ये एक कंडेन्सर असतो. जुन्या संचात तो मेण लावलेल्या कागदाचा असतो आणि वयाबरोबर झिरपू लागतो. समजा, फक्त 10 मायक्रोअँपियर झिरपले आणि जाळीचा रोध 4 लाख 70 हजार ओहम आहे. ओहमच्या नियमाने जाळीचा दाब 4.7 व्होल्टने वर सरकतो. जाळीला वेगळ्या पुरवठ्यातून ऋण दाब दिलेल्या संचात प्रत्येक व्होल्टमागे प्रवाह 7 मिलिअँपियरने वाढतो असे धरले, तर 30 चे सुमारे 63 मिलिअँपियर होतात. 400 व्होल्टवर त्याचे 25 वॅट होतात. या व्हॉल्व्हच्या धनाग्राची मर्यादाही 25 वॅटचीच आहे. त्यापुढे धनाग्र लाल होऊ लागते, आतल्या धातूतून वायू सुटतात, जाळी आणखी सैल पडते आणि प्रवाह आणखी वाढतो. तापल्यामुळे प्रवाह आणि प्रवाहामुळे ताप, असे हे चक्र आहे.

मग फ्यूज का उडत नाही? हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. जादा 30 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर 0.13 अँपियर. एक-दोन अँपियरच्या फ्यूजला एवढ्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज मोठा बिघाड ओळखतो, सावकाश वाढणारा नाही. लाल झालेले धनाग्र आणि मेणाचा वास या खुणा ओळखायला माणूसच हवा.

काही जाणकार सांगतात की व्हॉल्व्ह सारखे चालू-बंद केल्याने खराब होतात. त्यात तथ्य आहे. थंड तंतूचा रोध कमी असल्याने सुरुवातीला त्यातून कितीतरी जास्त प्रवाह जातो. 1944 साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या कोलॉसस गणनयंत्रात दीड हजारांहून अधिक व्हॉल्व्ह होते आणि ते शक्यतो बंद करीत नसत. पण तिथे पाळीपाळीने रात्रंदिवस माणसे हजर असत. आपल्या शाळेच्या कुलूपबंद खोलीत तसे कोणी नसते.

म्हणून काही साधे नियम पाळावेत. वीज गेली, की सर्वांत आधी अँप्लिफायरचे बटण बंद करून पिन काढावी. तो कार्यक्रमातल्या थोड्या विश्रांतीत चालू ठेवायचा असेल, तर जवळ कोणीतरी बसावे. त्याच्यावर कापड घालायचे ते पूर्ण थंड झाल्यावरच. जुने कागदी कंडेन्सर जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावेत आणि फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळू नये. पेटी विद्यार्थ्यांसमोर उघडू नये. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कंडेन्सरमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब काही काळ शिल्लक राहू शकतो.

त्या सरांनी नंतर अँप्लिफायरच्या बटणाशेजारी एक चिठ्ठी डकवली, 'वीज गेली? आधी मला बंद करा.' आणि कार्यक्रम संपल्यावर ते बटण पाहण्याची जबाबदारी त्यांनी आठवीच्या दोन मुलींवर सोपवली.