डिफरन्शियल घरी उघडावं का?

जुन्या जीपगाड्यांचा नाद असलेली मंडळी इंजिन उतरवतात, गिअरबॉक्स खोलतात, कार्ब्युरेटर तर चहा घेता घेता साफ करतात. पण मागच्या डिफरन्शियलपाशी आली की त्यांचा हात आखडतो. ‘ते मिस्त्रीकडेच द्या’ हा सल्ला इतक्या एकमुखाने मिळतो की त्यामागचं कारण विचारायचं कुणाला सुचत नाही. माझं मत उलट आहे. गाडीच्या मोठ्या कामांपैकी एखादं हौशी माणसाने घरी करायचंच असेल, तर ते हेच असावं. या कामात ताकदीपेक्षा आणि वर्षानुवर्षांच्या हातगुणापेक्षा मोजमापाला जास्त किंमत आहे. मोजमापाला वेळ लागतो, आणि दारात चार गाड्या ताटकळत असलेल्या गॅरेजकडे नेमका तोच नसतो.

डिफरन्शियलचं काम सांगायला सोपं आहे. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. जीपच्या दोन चाकांमधलं अंतर साधारण सव्वा मीटर धरलं, तर एका यू-टर्नमध्ये बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ चार मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर त्यांतलं एक फरफटणारच. ही अडचण सोडवणारी दातेरी चाकांची रचना १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेक्यर याने वाफेच्या गाडीसाठी केली. तो पेशाने घड्याळजी होता, हे मला मोठं बोलकं वाटतं.

उदाहरणादाखल सीजे-३बी घेऊ. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे परवान्याखाली हे मॉडेल बनवलं. त्याचा मागचा ॲक्सल अमेरिकेतल्या डाना ४४ जातीचा. प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला आठ दातांचं पिनियन, त्यात अडकलेलं त्रेचाळीस दातांचं क्राऊन व्हील, आणि क्राऊनच्या पोटात चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे लहान गिअर. आठ आणि त्रेचाळीस यांना सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि झीज सारखी होते. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, म्हणून ते जोडीनेच बदलायचे. एक नवा आणि एक भंगारातला, ही काटकसर अंगाशी येते.

खरं काम जुळणीचं. पिनियन क्राऊनच्या किती जवळ बसलं आहे, त्याच्या बेअरिंगवर आधीच किती दाब आहे, दोघांच्या दातांत मोकळा खेळ किती आहे आणि क्राऊनच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवर किती ताण आहे, या चार गोष्टी बसवायच्या असतात. या ॲक्सलमध्ये चारही गोष्टी पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, म्हणजे शिम घालून-काढून साधतात. पिनियनच्या मागे एक शिम वाढवली तर त्याच्या बेअरिंगचा दाब बदलतो, दातांमधला खेळही बदलतो, आणि मग पुढचं सगळं पुन्हा मोजावं लागतं. हा खेळ साधारण ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असावा लागतो, आणि क्राऊन पूर्ण फिरवताना तो जागोजागी फार बदलता कामा नये. साध्या डायल गेजवर हे मोजता येतं. बेअरिंगच्या दाबाचं माप तर त्याहून गमतीचं. पिनियनचा नट अडीचशे न्यूटन-मीटरच्या वर आवळलेला असतो, पण नवी बेअरिंग असतील तर त्यानंतर पिनियन फिरवायला जेमतेम दोन ते चार न्यूटन-मीटर लागायला हवेत. पिनियनच्या फ्लँजवर दोरी गुंडाळून ती ताणकाट्याने सावकाश ओढायची. दोरी मध्यापासून पाच सेंटिमीटरवर असेल, तर काट्याने चार ते आठ किलोच्या दरम्यान दाखवलं म्हणजे जमलं.

शेवटची साक्ष दातांचीच. क्राऊनच्या चार-पाच दातांना प्रशियन ब्लू किंवा तसाच रंग लावायचा, क्राऊनला हाताने थोडा अडथळा देत पिनियन फिरवायचं आणि रंग कुठे पुसला ते पाहायचं. ठसा दाताच्या मुळाशी खोल उमटला तर पिनियन जास्त जवळ आलं आहे. शेंड्याकडे उमटला तर लांब राहिलं आहे. तो मधोमध येईपर्यंत चकत्या बदलत राहायचं. दरवेळी दाबून बसवलेली बेअरिंग उपटून काढणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून जाणकार हौशी जुन्या बेअरिंगचं भोक किंचित घासून सैल करून घेतात. ती हाताने सरकवता येतात, मापं जुळेपर्यंत वापरायची आणि मग नवी दाबून बसवायची. अशी जोडी हाताशी असली की दहादा उघडझाप केली तरी काही बिघडत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की मुरलेला मिस्त्री नुसत्या आवाजावरून सगळं सांगतो, मग ही मापं कशाला? तो सांगतो हे खरं आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येणारी शिट्टी आणि पाय उचलल्यावर येणारी शिट्टी यांतला फरक ओळखणं, घरघर बेअरिंगची की दातांची ते सांगणं, हे कान तयार असल्याशिवाय जमत नाही. पण कान बिघाड ओळखतो, तो जुळणी करत नाही. आवाज ऐकू येतो तो सगळं बसवून, तेल भरून, गाडी रस्त्यावर आणल्यावर, आणि तोवर उशीर झालेला असतो.

दुसरा आक्षेप धोक्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पिनियन धावत्या गाडीत अडकलं तर मागची चाकं जागीच जाम होतात. तरीही ब्रेकच्या तुलनेत इथे हौशी माणसाला एक सोय आहे: जवळजवळ प्रत्येक चूक चाक फिरण्यापूर्वी टेबलावरच आकड्यात दिसते. ब्रेक मात्र लोक अंदाजाने उघडतात आणि त्याबद्दल कुणी त्यांना हटकत नाही. या जुन्या ॲक्सलमधला मोठा धोका मला दुसरीकडेच दिसतो. चाकाचा हब निमुळत्या शाफ्टवर एका नटाने आवळलेला असतो. तो नट पुरेसा आवळला नाही किंवा त्याची पिन राहिली तर चाकच निसटू शकतं. आणि गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवणाऱ्याने डिफरन्शियलच काय, काहीच उघडू नये.

तिसरा आक्षेप खर्चाचा. यात पैसे वाचतात असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. क्राऊन-पिनियनची जोडी, बेअरिंग, सील, डायल गेज, टॉर्क रेंच आणि आपला वेळ धरला, तर भंगारातून अख्खा ॲक्सल आणणं स्वस्त पडेल. फक्त त्याच्या पोटात काय आहे ते कळणार नाही. शिवाय सगळंच घरी करायचा हट्ट नको. बेअरिंग दाबायला प्रेस लागतो, तेवढं लेथवाल्याकडून करून घ्यावं. हाऊसिंग फाकवायचं अवजार मिळालं तरी ते अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे फाकवू नये. बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी खूण उघडतानाच करावी, कारण त्यांची भोकं हाऊसिंगबरोबर एकत्र कोरलेली असतात आणि अदलाबदल झाली की सगळी मापं फुकट जातात.

हे काम गाडी रस्त्यावर आल्यावरही थोडं उरतंच. नवे दात सुरुवातीला तापतात, म्हणून पहिली फेरी पंधरा-वीस किलोमीटरची, ओझं न लादता काढावी आणि मग ॲक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा. सातआठशे किलोमीटरनंतर तेल बदलावं आणि काढलेलं तेल पांढऱ्या कागदावर ओतून पाहावं. बारीक चमचमती भुकटी दिसली तर ती नव्या दातांची घासणी असते. बोटांना टोचणारी कपची लागली तर ॲक्सल पुन्हा उघडायचा.