कॅन्सर, मेंदू आणि ‘मागच्या जन्माचे भोग’

घरात कुणाला कॅन्सर झाला की दोन वाक्ये हमखास कानावर येतात. एक, ‘मागच्या जन्माचे भोग’. दुसरे, ‘फार टेन्शन घेतले, म्हणून झाला’. मेंदू आणि कॅन्सर यांच्या नात्यावर नवे संशोधन आले की दुसऱ्या वाक्याला विज्ञानाचा मुलामा देणे सोपे जाते. म्हणून हे संशोधन नेमके काय सांगते, ते आपण समजून घेतले पाहिजे.

मेंदूतील चेतापेशी एकमेकींना जिथे निरोप देतात, त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉ. मिशेल मोंजे यांच्या गटाने 2015 साली उंदरांवरील प्रयोगातून दाखवले, की चेतापेशी सक्रिय झाल्या की ग्लायोमा या मेंदूच्या कॅन्सरची वाढ वेगाने होते. न्यूरोलिजिन-3 हे प्रथिन त्यात महत्त्वाचे ठरले. 2019 साली याच गटाने आणि जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी त्याहून धक्कादायक गोष्ट मांडली. चेतापेशी आणि कॅन्सरच्या पेशी यांच्यात चक्क सिनॅप्स तयार होतात! म्हणजे कॅन्सर मेंदूच्या संवादात घुसतो आणि त्यावर पोसला जातो. स्तनाच्या कॅन्सरच्या मेंदूत पोहोचलेल्या पेशीही चेतापेशींच्या सांध्याजवळ ठाण मांडून ग्लुटामेट हे रसायन वापरतात, हेही त्याच वर्षी पुढे आले.

यातून उपचाराची नवी दिशा मिळते. फिट येऊ नये म्हणून दिले जाणारे पेरॅम्पॅनेल हे औषध ग्लुटामेटचा निरोप अडवते. उंदरांमध्ये त्याने गाठीची वाढ मंदावली. पण उंदरांत दिसले म्हणजे माणसांत सिद्ध झाले, असे नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असे औषध कुणीही घेऊ नये.

आता मुख्य मुद्दा. ‘चेतापेशी सक्रिय होणे’ म्हणजे चिंता करणे नव्हे. बघणे, बोलणे, चालणे, आठवणे या सगळ्यांत चेतापेशी कामच करत असतात. तेव्हा ‘विचार केला म्हणून कॅन्सर झाला’ असा निष्कर्ष या प्रयोगांतून निघत नाही. रुग्णाला दोष देण्यासाठी त्यांचा वापर करणे ही विज्ञानाची फसवणूक आहे.

पूर्वकर्माचेही तेच. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागील जन्माच्या कर्माचा सिद्धांत बुद्धाच्या नावावर खपवण्यास ठाम विरोध केला. दुःखाला कारण असते आणि ते शोधता येते, ही धम्माची दृष्टी आहे. मात्र ‘हे सगळे बुद्धाने आधीच सांगितले होते’ असा दावाही आपण करू नये. कालाम सुत्त मानणाऱ्यांना तो शोभत नाही.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? आनापानसती किंवा विपश्यनेने रुग्णाला धीर मिळत असेल तर ती जरूर करावी, पण शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी यांच्या जागी नव्हे. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे मोठे कारण तंबाखू आहे. विहारातील बैठकीत त्यावर बोलावे, तोंडातील न भरणारी जखम किंवा स्तनातील गाठ असेल तर माणसाला लगेच तपासणीला न्यावे. आजारी माणसाला प्रश्न विचारायचाच असेल तर ‘काय पाप केलेस?’ हा नव्हे, ‘दवाखान्यात सोबत कोण येणार?’ हा विचारावा.