सुर्जीचा मठ आणि अंजनगावचे पानमळे

शहानूर नदीकाठच्या अंजनगाव-सुर्जीचे नाव शाळकरी मुलांना ठाऊक असते ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. परंतु असई, आडगाव आणि गाविलगड पाठोपाठ हातचे गेल्यावर दौलतराव शिंद्यांना वेलस्लीशी जो करार करावा लागला, तो आता दप्तरापुरताच उरला असून गावकऱ्यांच्या तोंडी मी त्याचा उच्चारही ऐकला नाही. येथील माणूस अभिमानाने सांगतो ते देवनाथांच्या मठाविषयी आणि पानमळ्यांविषयी. पैठणच्या एकनाथांच्या परंपरेतले देवनाथ महाराज मराठीइतक्याच सहजतेने हिंदुस्थानीतही पदे रचीत, आणि त्यांचे शिष्य दयाळनाथही कवीच होते. मठात दर्शन घेऊन मी निघालो तो थेट मळ्याकडे.

पायतण बाहेर काढून आत शिरताच वऱ्हाडचे ऊन जणू वेशीवरच थबकते. शेवरी-पांगाऱ्याच्या दाट छायेत, लव्हाळ्याच्या पात्यांनी आधाराला बांधलेल्या नागवेली ओळीने उभ्या होत्या, आणि एक वृद्ध बारी अंगठ्याच्या नखाने देठासकट पान असे खुडीत होता, की वेलीला त्याची वार्ताही लागू नये. वेल शेंड्याला पोचली की तिला सोडवून, खालचा उघडा भाग गुंडाळून मातीत पुरायचा आणि शेंडा पुन्हा चढवायचा, ही उतरण मोठ्या जोखमीची. ती समजावताना तो म्हणाला, ‘‘वेल म्हातारी होत नाही जी, तिले खाली बसवा लागते, मंग थे नव्यानं उठते.’’

बारी समाजात कथा आहे, की पांडवांचा दूत विड्याचे पान शोधीत पाताळात गेला, तेव्हा नागराणीने आपल्या करंगळीचे पेर कापून दिले व त्यातून ही वेल उगवली. म्हणूनच नागपंचमीला मळ्यात तिची पूजा होते. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, त्या सावलीत ही कथा मला तरी खरी वाटली.

मात्र पानाला रोजचे पाणी व निष्णात हात लागतात, आणि दोन्ही महागले. विड्याची जागा पुडीने घेतली. २०१२ च्या गुटखाबंदीनेही ती परत मिळवून दिलेली दिसत नाही. त्यामुळे अनेक बागायतदार आता त्याच सावलीत पिंपळी लावतात, कारण औषधांच्या व्यापाऱ्यांकडे तिच्या फळालाही गिऱ्हाईक आहे आणि मुळालाही. म्हाताऱ्याचा मुलगाही तेच म्हणत होता. बाप मात्र ऐकून न ऐकल्यासारखे करून पाने मोजत राहिला.