दास, गुलाम आणि समाजाच्या पाच अवस्था

ऐतिहासिक भौतिकवादावरील कोणताही सोव्हिएत ग्रंथ उघडला, की पहिल्या काही प्रकरणांतच वाचकाला पाच नावांची एक मालिका भेटते : आदिम साम्यवादी समाज, गुलामगिरीवर आधारलेला समाज, सरंजामशाही, भांडवलशाही आणि समाजवाद. मॉस्कोच्या प्रगती प्रकाशनाची अल्प किमतीची मराठी पुस्तके जेव्हा आपल्याकडे येत होती, त्या काळात ही मालिका महाराष्ट्रातील लहानमोठ्या ग्रंथालयांतून पोहोचली आणि कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गांत पाढ्यांप्रमाणे पाठ झाली. ती इतकी सुटसुटीत आहे, की तिच्या पोटात किती वाद दडलेला आहे याची शंकाही सहसा कोणाला येत नाही. त्या वादातील एक महत्त्वाचा भाग मराठी विद्वानांच्या हातून, आणि तोही पुण्यातील एका प्राच्यविद्या नियतकालिकाच्या पानांवर, घडला. त्याची माहिती असल्यावाचून मालिकेतील दुसऱ्या नावाचा, म्हणजे गुलामगिरीचा, अर्थ भारतीय वाचकास नीट लागणार नाही असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

प्रथम शब्दाचा अर्थ निश्चित करू. 'गुलामगिरीवर आधारलेला समाज' याचा अर्थ 'ज्या समाजात गुलाम आहेत असा समाज' असा नव्हे. गुलाम तर पेशवाईतही होते. त्या काळच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदीविक्रीचे उल्लेख आढळतात. परंतु तेवढ्यावरून पेशवाईतील समाज गुलामगिरीवर उभा होता असे कोणी म्हणणार नाही. कुणबीण दळणकांडण करी, पाणी भरी, सरदाराच्या वाड्यात राबे. पण राज्याचा वसूल ज्यातून येई ती शेते मिरासदार आणि उपरी कुणबी कसत, आणि गावाची इतर कामे बलुतेदार करीत. आता याच्या शेजारी प्राचीन रोम ठेवावा. तेथे सिसिलीतील विस्तीर्ण शेतजमिनींवर गुलामांच्या टोळ्या राबत होत्या. अथेन्सच्या ऐश्वर्याला हातभार लावणाऱ्या लॉरियनच्या चांदीच्या खाणी गुलामच खणत होते. मार्क्सच्या परिभाषेत प्रश्न असा असतो : समाजातील वरच्या वर्गाचे पोषण करणारे वरकड उत्पादन मुख्यतः कोणाच्या श्रमातून निर्माण होते, आणि ते कोणत्या संबंधाच्या बळावर त्याच्याकडून काढून घेतले जाते? या संबंधालाच उत्पादनसंबंध म्हणतात. घरात गुलाम असणे ही एक गोष्ट, आणि समाजाच्या अन्नाचा पाया गुलाम असणे ही अगदी निराळी गोष्ट होय. पुढील सारा वाद या एका भेदाभोवती फिरतो.

स्वतः मार्क्सने पाच अवस्थांची अशी मालिका कोठेही नियम म्हणून सांगितलेली नाही. 1859 साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने आशियाई, प्राचीन, सरंजामी आणि आधुनिक भांडवली अशा चार उत्पादनपद्धतींचा ओझरता उल्लेख केला. यांतील 'आशियाई' हा शब्द त्याला हिंदुस्थानविषयक वाचनातून सुचलेला होता. 1853 मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकासाठी लिहिलेल्या लेखांत त्याने स्वयंपूर्ण, आपल्यापुरते पाहणारी गावे आणि त्यांच्यावर बसलेली निरंकुश राजसत्ता असे आपल्या समाजाचे चित्र रेखाटले होते. त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' (1915) ज्यांनी वाचला आहे त्यांना या चित्रातील काही रेषा ओळखीच्या वाटतील आणि काही अगदीच ढोबळ वाटतील. 1884 मध्ये एंगल्सने कुटुंब, खाजगी मालमत्ता व राज्यसंस्था यांच्या उगमावरील आपला ग्रंथ लिहिला. त्याची सामग्री मॉर्गनच्या संशोधनातून आणि ग्रीस, रोम व जर्मन टोळ्या यांच्या इतिहासातून घेतलेली होती. 1919 साली स्वेर्दलोव्ह विद्यापीठात राज्यसंस्थेवर व्याख्यान देताना लेनिननेही गुलामांचे मालक, जमीनदार आणि भांडवलदार या क्रमानेच विवेचन केले. तथापि ते नवशिक्या श्रोत्यांसाठी केलेले विवेचन होते.

मालिकेला नियमाचे रूप आले ते 1930 नंतर. 1931 मध्ये लेनिनग्राड येथे झालेल्या चर्चेत आशियाई उत्पादनपद्धतीची संकल्पना बाजूला सारण्यात आली. 1933 मध्ये व. व. स्त्रूवे या प्राच्यविद्यापंडिताने प्राचीन पूर्वेकडील समाज हे गुलामगिरीवरच आधारलेले होते असा सिद्धान्त मांडला. आणि 1938 मध्ये सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या संक्षिप्त इतिहासातील स्टालिनच्या प्रकरणात उत्पादनसंबंधांचे पाच मुख्य प्रकार क्रमवार नोंदले गेले. त्यानंतर बराच काळ त्या देशात या क्रमाबाहेर जाऊन लिहिणे विद्वानांना शक्य राहिले नाही.

आशियाई पद्धतीला हद्दपार करण्यामागे केवळ हुकूमशाहीची लहर होती असे मात्र समजू नये. 1927 मध्ये चीनमधील क्रांतीला जबर तडाखा बसला होता आणि तेथील लढा नेमका कोणाविरुद्ध, सरंजामशाहीविरुद्ध की आणखी कशाविरुद्ध, हा प्रश्न व्यवहाराचा झाला होता. त्याशिवाय आणखी एक कारण होते. पूर्वेकडील समाज हजारो वर्षे जागच्या जागी थिजलेले होते आणि त्यांना हलविण्यासाठी युरोपला यावे लागले, या समजुतीला आशियाई पद्धतीच्या कल्पनेत आयता आधार सापडत असे. साम्राज्यशाहीच्या समर्थकांना ती सोयीचीच होती. पाच अवस्थांच्या मालिकेने, निदान तत्त्वतः, भारत आणि रोम यांना एका पंक्तीस बसविले. पारतंत्र्यात वाढलेल्या भारतीय मार्क्सवाद्यांना तिचे जे आकर्षण वाटले त्यात या समान मानाचा वाटा मोठा होता, आणि ते आकर्षण हिणकस होते असे म्हणता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर श्रीपाद अमृत डांगे यांचा भारतीय समाजाच्या आदिम साम्यवादापासून गुलामगिरीपर्यंतच्या वाटचालीवरील इंग्रजी ग्रंथ 1949 मध्ये प्रसिद्ध झाला. डांगे हे गिरणी कामगारांचे पुढारी आणि व्युत्पन्न वाचक. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मार्क्सचा आधार न घेता प्राचीन ग्रंथांतून विवाहसंस्थेचा इतिहास शोधण्याचा जो धाडसी प्रयत्न केला होता त्याची छाया डांगे यांच्या मांडणीवर स्पष्ट दिसते. यज्ञ ही आर्यांच्या सामूहिक जीवनातील उत्पादनाचीच पद्धती होती, पुढे मालमत्ता व वर्ग निर्माण झाल्यावर तिचा केवळ विधी उरला, आणि समाज गुलामगिरीच्या अवस्थेत शिरला, असा त्यांचा प्रमुख सिद्धान्त होता. कल्पना चमकदार होती. एंगल्सने ग्रीक व जर्मन टोळ्यांविषयी जे सांगितले त्याची भारतीय जोड त्यांनी वेद आणि महाभारत यांतून शोधून दिली होती.

त्यावर पहिला कठोर प्रहार झाला तो विरोधकांच्या गोटातून नव्हे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या 'ॲनल्स' या नियतकालिकात त्याच वर्षी दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाचे परीक्षण लिहिले. कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. गोव्यातील कोसबे येथे 1907 मध्ये जन्मलेले, हार्वर्ड विद्यापीठात शिकलेले आणि मार्क्सवाद आपला मानणारे. त्यांचे वडील, बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक धर्मानंद कोसंबी, 1929 मध्ये लेनिनग्राडला जाऊन तेथील विद्वानांसमवेत काम करून आलेले होते. तेव्हा सोव्हिएत विद्वत्तेविषयी या घराण्याला आकस असण्याचे काहीच कारण नव्हते. कोसंबींचा आक्षेप पद्धतीवर होता. निरनिराळ्या शतकांतील ग्रंथ एका पातळीवर ठेवून त्यांतून हवी ती वचने वेचणे, पुरातत्त्वाच्या पुराव्याकडे दुर्लक्ष करणे, आणि निष्कर्ष अगोदर ठरवून त्याला शोभतील अशी प्रमाणे लावणे याला ते मार्क्सवाद मानावयास तयार नव्हते. मार्क्सची पद्धती हे विश्लेषणाचे हत्यार आहे आणि ते हातात असले तरी विचार करण्याचे कष्ट टळत नाहीत, असा त्यांच्या परीक्षणाचा रोख होता.

दोन वर्षांनी, 1951 मध्ये, त्याच नियतकालिकात त्यांनी खुद्द सोव्हिएत विद्वानांनाच उत्तर दिले. सुलेयकिन या भारतविद्यापंडिताने प्राचीन भारतीय इतिहासाच्या कालविभागणीचा प्रश्न मांडला होता. कोसंबींनी त्याची दखल आदराने घेतली. परंतु युरोपीय इतिहासातून काढलेले विभाग भारतावर जसेच्या तसे बसविता येत नाहीत हे स्पष्टपणे सांगितले. ज्या काळात जगभरचे मार्क्सवादी मॉस्कोकडून आलेला शब्द अखेरचा मानत, त्या काळात हे लिहिणे सोपे नव्हते.

गुलामगिरीच्या प्रश्नावर पुरावा काय सांगतो? मेगॅस्थिनीसने भारतात गुलाम नाहीत असे लिहिल्याचे नंतरचे ग्रीक लेखक सांगतात. हे अक्षरशः खरे नव्हे. अशोकाच्या शिलालेखांत दास व भृतक यांच्याशी नीट वागण्याचा उपदेश आहे. कौटिल्याने दासांविषयी एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. मनूने दासांचे सात प्रकार सांगितले आहेत आणि नारदाने ते पंधरापर्यंत नेले आहेत. मेगॅस्थिनीसला दास दिसले नाहीत, याचा उलगडा बहुधा असा, की त्याच्या ओळखीचा गुलाम, म्हणजे शेतावर आणि खाणीत साखळदंडाने राबणारा गुलाम, त्याला येथे आढळला नाही. कौटिल्याचे नियम वाचले तरी हेच जाणवते. कर्जापायी गहाण पडलेला माणूस, पोटासाठी स्वतःस विकणारा माणूस, घरात जन्मलेला दास अशी ही मंडळी बहुतांशी घरकामात गुंतलेली. आणि योग्य मोल देऊन त्यांना सुटण्याची वाट ठेवलेली. पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी मात्र तोच कौटिल्य राजाला शूद्र शेतकऱ्यांची वस्ती करावयास सांगतो.

कोसंबींनी नेमके येथे बोट ठेवले. 1956 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील आपल्या प्रास्ताविक ग्रंथात त्यांनी असे दाखविले, की रोममध्ये जे काम तलवार आणि साखळदंड यांनी केले ते भारतात फार मोठ्या प्रमाणावर जातीने केले. नांगराची शेती रानांत शिरत गेली तसतशा तेथील टोळ्या एकेका जातीच्या रूपाने समाजाच्या तळाशी सामावल्या गेल्या. त्यांची दैवते मोठ्या देवांच्या परिवारात घेतली गेली आणि त्यांचे श्रम परंपरेने व धर्माने बांधले गेले. जो माणूस आपली पायरी ईश्वरनिर्मित मानतो त्याला बाजारात विकत घेण्याची गरज उरत नाही. हे सिद्ध करण्यासाठी कोसंबी केवळ ग्रंथांवर विसंबले नाहीत. त्यांनी प्राचीन नाणी एकेक करून तोलली आणि पुण्याच्या आसपासच्या टेकड्या, कार्ल्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटा, गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या आईंची ठाणी पायी हिंडून पाहिली. रूढ मार्क्सवादी ग्रंथांत असा घाम क्वचितच दिसतो.

सोव्हिएत विद्वत्ताही एका जागी थांबली नाही. स्टालिनच्या मृत्यूनंतर वातावरण सैल झाले, आणि 1964 च्या सुमारास अर्थशास्त्रज्ञ वार्गा यांच्या लेखनाने आशियाई पद्धतीचा मिटविलेला प्रश्न त्यांच्याच देशात पुन्हा उघडला. इल्यिन आणि बोंगार्ड-लेविन यांच्यासारख्या भारतविद्यापंडितांनी भारतीय दास्याची वैशिष्ट्ये, दासांच्या बरोबरीने राबणारे कर्मकर आणि परावलंबनाचे मधले अनेक प्रकार यांचा बारकाईने अभ्यास केला. कव्हालेव्हस्कीचे सामूहिक भूधारणेवरील पुस्तक वाचताना, 1879 मध्ये, मार्क्सने केलेली टिपणेही सोव्हिएत अभ्यासकांनी प्रकाशात आणली. त्यांत, भारतातील जमीनव्यवस्थेला पश्चिम युरोपच्या अर्थाने सरंजामी म्हणण्यास स्वतः मार्क्सच हरकत घेताना दिसतो! मालिका रचणाऱ्यांच्या वारसांनीच तिच्या विरुद्धचा साक्षीदार हजर केला, ही गोष्ट त्यांच्या विद्वत्तेला भूषणावह होय. 1991 च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ विसर्जित झाला; मालिकेला असलेला राज्यसंस्थेचा पाठिंबा संपला, परंतु प्रश्न संपला नाही.

अनुवादकाला हा प्रश्न आणखी एका वाटेने येऊन भिडतो. 'सरंजामशाही' हा शब्द आपण बिनदिक्कत वापरतो. पण मराठेशाहीतील सरंजाम हा फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला वसूल होता, युरोपातील सामंताची जहागीर नव्हे. 'दास' म्हटले की मराठी कानाला रामदास आणि संतांचे दास्य ऐकू येते. आणि 'गुलामगिरी' हा शब्द तर जोतीराव फुले यांनी 1873 मध्येच आपल्या ग्रंथाच्या शिरोभागी लिहून ठेवला आहे. तो ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला, आणि त्यातील गुलाम मात्र शूद्रातिशूद्र आहेत. म्हणजे सोव्हिएत पुस्तके मराठीत येण्याच्या कितीतरी आधी आपल्या भाषेत गुलामगिरीचा अर्थ जातीशी जोडला गेला होता. 1928 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले तेव्हा त्यांच्यासमोर हीच वस्तुस्थिती होती : वतनाच्या जमिनीच्या तुकड्यापायी अख्खी जात दिवसरात्र सरकारच्या आणि गावाच्या हुकमास बांधलेली. ती वतने नाहीशी करणारा कायदा व्हावयास 1958 साल उजाडावे लागले.

धुळ्याचे शरद पाटील यांनी हे दोन प्रवाह जाणीवपूर्वक एकत्र आणले. 1978 मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला, आणि 1982 मध्ये 'दास-शूद्रांची गुलामगिरी' हा विषय घेऊन ग्रंथ लिहिला. वर्गाच्या जोडीने वर्ण आणि जात यांनाही शोषणाचे संबंध म्हणूनच तपासले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्यांचे सारे निष्कर्ष मान्य होण्याजोगे आहेत असे नाही. व्युत्पत्तींवर ते कधी कधी झेपणार नाही एवढा भार टाकतात, आणि या बाबतीत ते राजवाड्यांचेच वारस शोभतात. परंतु ज्या शब्दाच्या बाबतीत डांगे एंगल्सकडे आणि कोसंबी पुराव्याकडे पाहत होते, त्याच्याकडे पाटील फुल्यांच्या बाजूने पाहतात. म्हणून सोव्हिएत ग्रंथाचे भाषांतर करताना रोमविषयीच्या मजकुरात मी 'गुलाम' लिहितो, कौटिल्याविषयीच्या मजकुरात 'दास' तसाच ठेवतो, आणि मूळ लेखकाने दोहोंसाठी एकच शब्द वापरला असेल तेथे तळटीप देतो.