चार्जिंगचा धंदा थांब्यावर

गैरसमज : इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगला वायर नाही म्हणजे निम्मी वीज हवेतच जाते.

एक कॉइल जमिनीवरच्या पॅडमध्ये, दुसरी गाडीच्या पोटाखाली, मध्ये जेमतेम वीतभर जागा. खालच्या कॉइलमध्ये ८५ किलोहर्ट्झच्या आसपासचा प्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्रामुळे वरच्या कॉइलमध्ये वीज तयार होते. गाडी पॅडवर नीट उभी असली तर ८५ ते ९० टक्के वीज पोचते. काही वीज तर प्लग लावूनही वाया जातेच. नागपूरचं व्हीएनआयटी आणि तिरुवनंतपुरमचं सी-डॅक या संस्थांनी मिळून केलेला १.५ किलोवॅटचा चार्जर १२.५ सेंटिमीटर अंतरावरून ८९.४ टक्के कार्यक्षमतेने चालतो. २०२५ मध्ये हे तंत्रज्ञान एका खासगी कंपनीकडे सोपवलं गेलं. हा चार्जर ४८ व्होल्टच्या बॅटरीसाठी आहे, हे बघा: ई-रिक्षांच्या बॅटऱ्या सहसा तेवढ्याच व्होल्टच्या असतात. आलिशान मोटारींपेक्षा आपल्याकडची संधी तिथे जास्त आहे, असं मला वाटतं.

गैरसमज : पैसा आहे तो धावत्या गाडीला वीज देणाऱ्या रस्त्यांत.

दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात २०१३ मध्ये अशा रस्त्यावर बस धावल्या. डेट्रॉइटच्या चौदाव्या रस्त्यावर २०२३ मध्ये जेमतेम ४०० मीटरचा पट्टा झाला. प्रयोग छानच, पण रस्ता सरकारचा आणि तो खोदायचा निर्णयही सरकारचाच.

गैरसमज : पंपासारखं पॅड टाकून बसलं की गिऱ्हाईक येईल.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज हाच. पोटाखाली जुळणारी कॉइल नसलेल्या गाडीसाठी ते पॅड म्हणजे नुसती फरशी, आणि आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक गाड्यांना अशी कॉइल नाही. एसएई जे२९५४ हे वायरलेस चार्जिंगचं ११ किलोवॅटपर्यंतचं मानक २०२० मध्ये आलं, पण मानक आलं म्हणून जुन्या गाडीला कॉइल फुटत नाही. म्हणून जिथे पॅड आणि गाडी यांचा मालक एकच, तिथे आधी बघावं. इंग्लंडच्या मिल्टन केन्समध्ये २०१४ पासून सात नंबरच्या मार्गावरच्या बस फेरीच्या टोकाला थांबल्या की चार्ज होऊ लागल्या. अमेरिकेतल्या वेनाचीत २०१८ मध्ये बससाठी २०० किलोवॅटचं पॅड बसलं. ‘वायरलेस म्हणजे संथ’ म्हणणाऱ्यांना एवढं पुरे. चालक उतरत नाही, पावसात केबल ओढावी लागत नाही, कनेक्टर झिजत नाही. गोदामातल्या चालकविरहित गाड्यांना तर प्लग लावणार कोण?

जोडकामंही निघतात: जुन्या ई-रिक्षांना कॉइल बसवणं, पॅडची देखभाल. पॅडवर पडलेलं नाणं किंवा किल्ली तापते, म्हणून धातू ओळखून प्रवाह तोडणारी यंत्रणा लागते, आणि तिची तपासणी करणारा माणूसही.

राहिला परवाना. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं, त्यामुळे वीजविक्रीचा परवाना लागत नाही. मंजूर भार मात्र वाढवून घ्यावा लागतो. त्याचा खर्च महावितरणकडून आधी लेखी घ्या, पॅडचं कोटेशन नंतर मागवा.