जैवपटलाची सूक्ष्मरचना : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रांचे वाचन

प्रस्तावना :
पाण्याच्या टाकीच्या आतील भिंतीवरून हात फिरविला असता बोटांना बुळबुळीत थर लागतो. त्यास आपण सरसकट शेवाळ म्हणतो. परंतु जेथे प्रकाश पोहोचत नाही अशा बंद नळातही असा थर वाढतो. तो मुख्यत्वे जीवाणू आणि त्यांनी स्रवलेले चिकट द्रव्य यांचा असतो. यालाच ‘बायोफिल्म’ अर्थात जैवपटल म्हणतात. थरात दडलेल्या जीवाणूंवर क्लोरीनचा परिणाम मुक्त जीवाणूंच्या तुलनेत कमी होतो. म्हणून त्याच्या अंतर्गत रचनेचा अभ्यास पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो. ही रचना दाखविणारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रे कशी वाचावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची आवश्यकता :
साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाने सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. जीवाणू त्यात दिसतो, मात्र त्याभोवतीच्या द्रव्याचे तंतू दिसत नाहीत. १९३१ मध्ये नोल आणि रुस्का यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा उपयोग करून ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग खुला केला. रुस्का यांना १९८६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शक पृष्ठभागाचे चित्र देतो, तर पारगामी सूक्ष्मदर्शक अतिशय पातळ छेदातून अंतर्भाग दाखवितो.

नमुन्याची सिद्धता :
इलेक्ट्रॉनांना निर्वात मार्ग लागतो आणि निर्वातात ओला नमुना टिकत नाही. त्यामुळे प्रचलित पद्धतीत जैवपटल प्रथम ग्लुटराल्डिहाइडमध्ये स्थिर करतात. पुढे ऑस्मियम टेट्रॉक्साइडची प्रक्रिया करून चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने त्यातील पाणी काढतात. शेवटी क्रांतिक बिंदूवर कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने ते वाळवून त्यावर सोन्याचा काही नॅनोमीटर जाडीचा मुलामा देतात.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये करोना विषाणूचे पारगामी सूक्ष्मदर्शकीय चित्र प्रसिद्ध केले, ते अनेकांच्या स्मरणात असेल. त्यातील सुस्थितीतील कण सुमारे ७५ नॅनोमीटरचा होता. विषाणूकणाला स्वतःचा निश्चित आकार असतो. जैवपटलातील द्रव्य मात्र बव्हंशी पाणीच असल्यामुळे पाणी काढताच ते आकसते.

चित्रातील जाळ्याचा अर्थ :
वाळविलेल्या जैवपटलाच्या चित्रात जीवाणूंना जोडणारे धाग्यांचे सुबक जाळे दिसते. ‘जैवपटलाचे द्रव्य तंतुमय असते’ असा निष्कर्ष त्यावरून काढण्याचा मोह होतो. वस्तुतः त्यातील पुष्कळसे धागे म्हणजे पाणी गेल्यावर आकसलेला लगदा असतो. गव्हाची खळ वाळली की तिचे पापुद्रे व तार दिसतात, पण त्यावरून ओल्या खळीची रचना सांगता येत नाही, तसाच हा प्रकार होय. १९९१ मध्ये लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी कॉनफोकल लेसर सूक्ष्मदर्शकाने ओल्या जैवपटलाचे प्रकाशीय छेद घेतले. तेव्हा त्याचा ७३ ते ९८ टक्के भाग पेशीबाह्य द्रव्य व रिकाम्या जागेने व्यापलेला आढळला.

रुथेनियम रेड हे रंजक वापरल्यास ऋणभारित शर्करायुक्त द्रव्य पारगामी चित्रात अधिक चांगले टिकते. अतिशीत पद्धतीत नमुना झटकन गोठवून पाण्यासहित पाहतात. पण गोठण्याचा वेग कमी पडल्यास बर्फाचे स्फटिक द्रव्याला बाजूला सारतात आणि पुन्हा एक कृत्रिम जाळे तयार होते. कोणतीही एक पद्धत निर्दोष नाही. म्हणून दोन भिन्न पद्धतींत टिकून राहणारी रचनाच विश्वसनीय मानावी.

क्षेत्राचा प्रश्न :
दहा हजारपट वर्धनाच्या, १२ सेंटिमीटर रुंद व ९ सेंटिमीटर उंच चित्रात नमुन्याचे केवळ १०८ चौरस मायक्रोमीटर क्षेत्र सामावते. एका चौरस सेंटिमीटरमध्ये अशी सुमारे सव्वानऊ लाख चित्रे मावतील. त्यांतील एक देखणे चित्र निवडून संपूर्ण टाकीविषयी विधान करणे उचित नव्हे. क्षेत्रांची निवड यादृच्छिक असावी आणि किती क्षेत्रे पाहिली याचा उल्लेख असावा.

ग्रामीण महाविद्यालयांच्या संदर्भात :
केळापूरसारख्या तालुक्यातील महाविद्यालयास हे उपकरण बाळगणे शक्य नाही. नमुना नागपूर वा मुंबई येथील सुविधा केंद्रात पाठवावा लागतो. स्थिर केलेला नमुना प्रवास सहन करतो, पण अतिशीत पद्धतीसाठी ओला नमुना उपकरणाजवळच गोठवावा लागतो. म्हणजे अंतरामुळेच आपल्या वाट्याला बहुधा वाळविलेल्या जैवपटलाचे चित्र येते. स्थिरीकरण मात्र आपल्याच प्रयोगशाळेत, नमुना काढताक्षणी होऊ शकते. चित्राची बरीचशी गुणवत्ता त्याच टप्प्यावर ठरते.

निष्कर्ष :
इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशींचा आकार, त्यांची मांडणी व पृष्ठभागाशी असलेला संपर्क उत्तम कळतो. जैवपटलाची जाडी, त्यातील पाणी आणि पेशींची सजीवता यांसाठी अन्य पद्धतींची जोड आवश्यक आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालातील प्रत्येक चित्राखाली वर्धनाबरोबरच स्थिरीकरण, वाळविण्याची पद्धत व पाहिलेल्या क्षेत्रांची संख्या नोंदविण्याचा आग्रह मार्गदर्शकांनी धरावा. या तीन नोंदींना खर्च येत नाही, आणि त्यांच्यावाचून चित्रातील धागा जीवाणूचा की वाळवणीचा, हे परीक्षकास ठरविता येत नाही.