फोन कोणाच्या नावावर?

पावसाळ्यात मिरकरवाड्याला आलात तर बंदर ओळखू येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. नौका एकमेकींना खेटून उभ्या, जेट्टीवर लिलावाचा ओरडा नाही, आणि एरवी कित्येक दिवस दर्यावर असणारी पुरुषमाणसे घरात बसून फाटकी जाळी शिवत असतात. अशाच एका दुपारी माझ्या ओळखीच्या एका तांडेलांचा निरोप आला, "सर, फोनला कुलूप लावायचं आहे. जरा येऊन जाल का?"

मी काही यंत्रांचा जाणकार नव्हे. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. पण शिकलेला माणूस म्हटला की त्याला फॉर्म भरण्यापासून फोन दुरुस्त करण्यापर्यंत सारे येते, अशी आपल्याकडे समजूत आहे. गेलो.

घरात वातावरण तापलेले होते. मुलगी आठवीतली, नुकती तेरा वर्षांची झालेली. वडिलांनी नवा फोन घेतला तेव्हा जुना तिच्याकडे आला. तिने इन्स्टाग्रामवर खाते उघडले, गणवेशातला एक फोटो टाकला. मागे भगवती किल्ल्यावरचा दीपस्तंभ दिसत होता. काही दिवसांनी एका अनोळखी माणसाचा निरोप आला, "तू मिरकरवाड्याची ना? शाळा कितीला सुटते?"

मुलीने हे आईला सांगितले, पण चार दिवसांनी. का थांबलीस, म्हणून मी हळूच विचारले. ती म्हणाली, "फोन काढून घेतील म्हणून."

श्रोतेहो, ते चार दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत. त्या माणसाला त्या अवधीत काहीही विचारता आले असते, काहीही मागता आले असते. आणि मुलगी गप्प राहिली ती त्याच्या धाकाने नव्हे, घरच्यांच्या धाकाने. तेव्हा कुलूप लावायचे हे ठीक; पण कसले, कोणासाठी आणि कोणाला विचारून, हे आधी पाहिले पाहिजे.

पूर्वी घरात रेडिओ घ्यायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. परवाना घरच्या कर्त्याच्या नावाने असे आणि ऐकत सारे घर, कधी सारी आळी. त्याने काही बिघडत नसे, कारण रेडिओ बोलतो, तो आपले ऐकत नाही. समोर आजोबा बसले आहेत की नातू, याचा त्याला पत्ता नसतो. फोनचे तसे नाही. तो समोरच्या माणसाचे वय, आवडनिवड, ठावठिकाणा लक्षात ठेवतो, आणि त्यानुसार पुढचे पान वाढतो. मात्र समोर कोण आहे हे तो चेहरा पाहून ठरवत नाही. मुख्यतः ज्याच्या नावाचे खाते, तो माणूस समोर आहे असे धरून चालतो.

मी तो फोन हातात घेऊन पाहिले, तर गूगलचे खाते तांडेलांच्या नावाचे. जन्मवर्ष १९८१. इन्स्टाग्रामवरही मुलीने तेच वर्ष घातले होते. फोनवर आधीपासून होते तेच बरे, असा तिचा साधा हिशेब. म्हणजे फोनच्या लेखी त्या घरात आठवीतली मुलगी नव्हतीच. चाळिशी ओलांडलेला एक तांडेल रात्री अकरा वाजता नाचाचे व्हिडिओ पाहत होता!

यात हसण्यासारखे आहे खरे, पण मुलांच्या रक्षणाची बहुतेक सोय या एका चुकीने निकामी होते. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये किशोरवयीनांसाठी वेगळी खाती काही देशांत सुरू केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती भारतात आणली. अशा खात्यावरचे फोटो आपोआप खासगी राहतात, अनोळखी माणसाला निरोप धाडता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद असतात, आणि सोळा वर्षांखालील मुलाला हे निर्बंध सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. ही सारी व्यवस्था त्या मुलीसाठी तयार होती. पण दारावर जन्मवर्ष १९८१ लिहिल्यावर तिला आत कोण घेणार?

मिरकरवाड्यातच नव्हे, अनेक घरांत हेच चित्र आहे. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि अभ्यास फोनवर आला, तेव्हा घाईघाईने घरातला एकुलता एक फोन मुलांच्या हाती दिला गेला. शाळा पुन्हा उघडल्या. फोन काही परत आला नाही, आणि त्यावरचे नावही बदलले नाही.

आता कुलपांकडे वळू. यांत दोन जाती आहेत. एक कुलूप पालकांनी बाहेरून लावायचे. दुसरी कडी मुलाने आपल्या हाताने आतून घालायची. पहिल्याला पालक-नियंत्रण म्हणतात, दुसरीला गोपनीयतेची सेटिंग्ज.

पहिल्यासाठी अँड्रॉइड फोनवर गूगलचे 'फॅमिली लिंक' नावाचे मोफत ॲप मिळते. आयफोनमध्ये २०१८ पासून 'स्क्रीन टाइम' आहे. मुलाच्या नावाने, खऱ्या जन्मतारखेने खाते काढायचे आणि ते पालकाच्या खात्याला जोडायचे. मग दिवसाकाठी किती वेळ, रात्री किती वाजता बंद, कोणते ॲप घ्यायचे आणि कोणते नाही, हे पालक आपल्या फोनवरून ठरवू शकतो. मूल नवे ॲप मागते, पालकाच्या फोनवर विचारणा येते, होय किंवा नाही म्हणायचे. तेरा वर्षांखालील मुलाचे खाते पालकाशिवाय निघत नाही. तेराव्या वर्षानंतर देखरेख लावायची असेल तर मुलाची संमती लागते. तांडेलांना हे ऐकून नवल वाटले. "पोरीला विचारायचं?" मी म्हटले, विचारायचे, नाहीतर ती मैत्रिणीच्या फोनवर दुसरे खाते उघडेल, आणि ते आपल्याला कळणारही नाही.

फॅमिली लिंकमधून मुलांचे निरोप वाचता येत नाहीत, संभाषण ऐकता येत नाही. काही पालक यावर नाराज होतात आणि चोरून सारे वाचणारी ॲप्स शोधत फिरतात. मला ते पसंत नाही. मुलीची वही आपण उघडून वाचली, हे तिला कळले की पुढच्या खेपेला चार दिवसांचे चाळीस दिवस होतील.

गाळणीबद्दलही एक सांगतो. नको ती पाने अडवण्याची सोय असते, पण कोळ्यांच्या भाषेत बोलायचे तर तिचा आस कधी फार मोठा असतो, कधी फार बारीक. मोठा असला तर घाण आत येते. बारीक असला तर शरीरशास्त्राचा धडा समजून घेण्यासाठी शोधलेली माहितीही अडकून पडते. माप एकदा घेतले की झाले, असे नाही. मूल वाढते तसे ते बदलावे लागते.

ज्या घरी फोन एकच आहे आणि तो वडिलांना, आईला, मुलांना सर्वांनाच लागतो, तेथे काय करावे? तेथे हे सारे लागू करता येत नाही, हे कबूल केले पाहिजे. काही फोनांत प्रत्येकाचे वेगळे दालन करता येते, पण ती सोय सर्वच कंपन्या ठेवत नाहीत. मग निदान प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'पालक नियंत्रणे' सुरू करून त्याला पिन घालावा. विकत घेण्याआधी दर वेळी ओळख पटवावी लागेल असे करून ठेवावे. लहान मुलांना साध्या यूट्यूबऐवजी 'यूट्यूब किड्स' द्यावे. आणि पैशांच्या ॲपचा पिन मुलांना सांगू नये. हे शेवटचे वाक्य ऐकून तांडेलांची पत्नी हसल्या, कारण त्यांच्या घरी वीजबिल मुलगीच भरत होती.

आतली कडी कशी घालायची हे तांडेलांना पटवणे मला कठीण जाईल असे वाटले होते. "लेकराला कसला आलाय खासगीपणा?" असे ते म्हणालेच. तेव्हा मी विचारले, "तुमच्या नौकेवरच्या जीपीएसमध्ये मासळीच्या जागा साठवलेल्या आहेत. त्या शेजारच्या नौकेवाल्याला दाखवाल?"

"सख्ख्या भावालाही नाही दाखवायचा," ते म्हणाले, आणि थांबले. जाळ्यावरचा हातही थांबला. एवढे पुरे झाले. आपली मोक्याची जागा कोणाला कळू द्यायची नाही, हे दर्यावरच्या माणसाला शिकवावे लागत नाही. मुलीचा गणवेश, मागचा दीपस्तंभ, शाळा सुटण्याची वेळ याही जागाच आहेत.

मग मुलीनेच फोन हातात घेतला आणि मी सांगत गेलो. त्या माणसाच्या निरोपाचे चित्र आधी जपून ठेवले, नंतर त्याला अडवले; पुरावा पुसून टाकायचा नसतो. जुने खाते बंद केले. वडिलांचे गूगल खाते त्या फोनवरून काढले, तिचे स्वतःचे खऱ्या जन्मतारखेचे घातले, आणि तिच्या संमतीने ते आईच्या खात्याला जोडले. व्हॉट्सॲपवर आपला फोटो कोणी पाहावा आणि आपल्याला गटात कोणी ओढावे, या दोन्ही ठिकाणी 'प्रत्येकजण' होते तेथे 'माझे संपर्क' केले, सहा आकडी पिन घातला, आणि आपले व्हॉट्सॲप आणखी कोणत्या संगणकाला जोडलेले आहे का तेही पाहिले. मग एकेका ॲपची झडती. कंदिलाच्या, म्हणजे टॉर्चच्या ॲपला ठावठिकाणा हवा होता! नकाशाला तो लागतो, समजू शकते. तेथेही 'ॲप वापरत असतानाच' एवढीच परवानगी दिली. २०२१ नंतरच्या अँड्रॉइडमध्ये कॅमेरा किंवा ध्वनिग्राहक चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण उमटते. नौकेच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो हे त्या मुलीला लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे ही खूण तिने लगेच ध्यानात ठेवली.

शिक्षक बंधुभगिनींशी थोडे बोलतो. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीचा २०२४ चा अहवाल सांगतो की १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी नकोसे खाते अडवणे किंवा त्याची तक्रार करणे ६२ टक्क्यांना येत होते, आणि आपले खाते खासगी करणे सुमारे ५५ टक्क्यांना. म्हणजे जवळजवळ निम्म्या मुलांना कडी कोठे आहे हेच ठाऊक नाही. ते दाखवायला एक तास पुरतो. आणि आपल्याही वागण्याकडे पाहू या. स्नेहसंमेलन झाले की आपण मुलांचे फोटो, नाव, इयत्ता आणि शाळेच्या फलकासह गटांवर धाडतो, तेथून ते कोठे जातात याची चौकशी करत नाही. मीही हे केले आहे.

कायदाही हळूहळू येतो आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. कंपन्यांना तयारीसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. तरीही फोनवर जन्मवर्ष १९८१ असेल तर हा कायदा त्या मुलीपर्यंत कसा पोहोचणार, हा प्रश्न उरतोच.

काही गावांनी आपापले उपाय काढले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन आणि मोबाईल बंद ठेवण्याचा प्रघात सुरू झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. वडगावचा भोंगा मला अधिक भावतो, कारण तो बापालाही लागू आहे. पण साडेआठ वाजता फोन पुन्हा उघडतो, तेव्हा त्यात कोणाचे नाव आहे, हे भोंग्याला ठाऊक नसते.

कोणी मुलाला धमकावत असेल, फोटो मागत असेल, तर मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८ आहे. पैसे गेले असतील तर १९३०, आणि तो जितक्या लवकर लावाल तितका उपयोग.

एक गोष्ट सांगायची राहिली. मुलीचे खाते आईला जोडले, ते तांडेलांना जरा लागले. "बाप मी ना?" पण १ ऑगस्टला नौका बाहेर पडली की त्यांच्या फोनला आठवडाभर टॉवर मिळत नाही, आणि मुलीची विचारणा दर्यावर अडकून पडते. किनाऱ्यावर असते ती आई. पुढे ऑक्टोबरात मी मासळी घ्यायला गेलो तेव्हा त्या बाजारात बसल्या होत्या. फोन वाजला. ओले हात पदराला पुसून त्यांनी पाहिले, लेकीला फोन लावला, "कशाला हवं आहे हे?" विज्ञानाच्या प्रकल्पासाठी, असे उत्तर आले असावे. त्यांनी होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "सर, खाली लिहिलंय बघा, फोनमधली सगळी नावं-नंबर घेणार म्हणून. विज्ञानाला आमच्या पाहुण्यांचे नंबर कशाला लागतात?"